बहात्तर तास : स्टटरहाइमच्या हद्दीवरची गोष्ट

ज्यांना कानात हेडफोन घालून ऐकण्यापेक्षा निवांत वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा भाग थोडा नीटनेटका करून लिहून देतोय. बोलताना मधेच चहा आला होता, तेवढं काढून टाकलंय. बाकी सगळं तसंच आहे.

आजची गोष्ट दक्षिण आफ्रिकेतली आहे. साल १९६८, महिना जुलै. आपल्याकडे पावसाळा असतो तेव्हा तिकडे कडाक्याचा हिवाळा. ईस्टर्न केप भागात स्टटरहाइम नावाचं एक छोटं गाव आहे. तिथे युनिव्हर्सिटी ख्रिश्चन मूव्हमेंट, म्हणजे यूसीएम या विद्यार्थी संघटनेची परिषद भरली होती. देशभरातून मुलंमुली आली होती, काळी आणि गोरी. एकत्र प्रार्थना, एकत्र जेवण, रात्री उशिरापर्यंत एकत्र चर्चा. त्या काळच्या दक्षिण आफ्रिकेत हे दृश्य फार दुर्मीळ होतं.

आणि मग कुणीतरी घड्याळाकडे पाहिलं.

कायदा असा होता, की जो काळा माणूस त्या शहरात जन्मलेला नाही किंवा वर्षानुवर्षं तिथे नोकरीला नाही, त्यानं परवान्याशिवाय शहराच्या हद्दीत बहात्तर तासांपेक्षा जास्त राहायचं नाही. परिषद त्याहून जास्त दिवस चालणार होती. म्हणजे चौथ्या दिवशी एकाच खोलीत बसलेल्या लोकांपैकी अर्ध्याहून अधिक जण गुन्हेगार ठरणार होते, आणि उरलेले ठरणार नव्हते.

आता काय करायचं? कायदा मोडायचा? परिषद गुंडाळायची? की परवाना मागायला जायचं? शेवटी एक तोडगा निघाला. सगळे मिळून गावाच्या हद्दीपर्यंत चालत गेले. काळ्या विद्यार्थ्यांनी हद्द ओलांडली, आणि लगेच परत आत पाऊल टाकलं. झालं! घड्याळ पुन्हा शून्यावर. आणखी बहात्तर तास मिळाले.

मी हा प्रसंग पहिल्यांदा वाचला तेव्हा मला हसू आलं. वाटलं, काय भारी युक्ती काढली पोरांनी. दुसऱ्यांदा वाचला तेव्हा हसू आलं नाही. कारण तेव्हा लक्षात आलं, की गोरी मुलंही सोबत चालत गेली, पण त्यांना चालायची गरज नव्हती. ती सोबत म्हणून आली होती. सोबत येणं आणि जावं लागणं, या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे, त्यातूनच पुढची सगळी गोष्ट घडली.

सुरुवात बंगळुरूपासून

ही गोष्ट नीट कळायची तर थोडं मागे जावं लागेल, आणि मागे जाताना आपल्याला चक्क बंगळुरूत थांबावं लागेल.

ख्रिस्ती विद्यार्थ्यांच्या संघटना जगभर पसरल्या त्या एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. १८९५ मध्ये स्वीडनमध्ये त्यांचा जागतिक महासंघ स्थापन झाला. पुढच्याच वर्षी, १८९६ मध्ये, दक्षिण आफ्रिकेतल्या स्टेलनबॉश इथे स्टुडंट्स ख्रिश्चन असोसिएशन, थोडक्यात एससीए, उभी राहिली. सगळे ख्रिस्तात एक, ही त्यांची शिकवण. पण अमेरिकेत याच चळवळीची थोरली बहीण असलेल्या वायएमसीएच्या शाखा गोऱ्यांच्या वेगळ्या आणि काळ्यांच्या वेगळ्या होत्या. तिथल्या राष्ट्रीय मंडळानं ही वर्णवार विभागणी मोडायचा ठराव केला तो थेट १९४६ मध्ये.

त्या काळ्यांच्या शाखांमधून तयार झालेला एक तरुण म्हणजे मॅक्स यर्गन. जन्म १८९२, गाव नॉर्थ कॅरोलायनातलं रॅली. पहिलं महायुद्ध चालू असताना, १९१६ मध्ये, वायएमसीएनं त्याला पाठवलं भारतात, बंगळुरूला. तिथून तो पूर्व आफ्रिकेत गेला, सैनिकांमध्ये काम करायला. पुढे त्याला दक्षिण आफ्रिकेत जायचं होतं. तिथल्या सरकारला आणि काही मिशनरी मंडळींनाही शिकलेला अमेरिकन काळा माणूस आपल्या देशात नको होता. उगाच इथल्या लोकांच्या डोक्यात काहीबाही भरेल, ही भीती. बऱ्याच खटपटीनंतर १९२२ मध्ये तो तिथे पोहोचला, आणि ॲलिस नावाच्या गावातल्या फोर्ट हेअर कॉलेजला त्यानं मुक्काम केला.

फोर्ट हेअर हे नाव लक्षात ठेवा. काळ्यांच्या उच्च शिक्षणासाठी १९१६ मध्ये सुरू झालेलं हे कॉलेज. नेल्सन मंडेला आणि ऑलिव्हर टाम्बो इथलेच विद्यार्थी. मंडेला तर इथे असताना एससीएचे सभासद होते आणि रविवारी आसपासच्या खेड्यांत बायबलचे वर्ग घ्यायला जायचे.

यर्गन एससीएच्या काळ्या विभागाचा फिरता सचिव झाला. इथे ‘विभाग’ हा शब्द महत्त्वाचा. संघटना एक, पण आतमध्ये कप्पे. वाडा एक, चुली वेगळ्या, असं म्हणा हवं तर.

१९३० मध्ये यर्गननं फोर्ट हेअरला एक परिषद भरवली. काळे आणि गोरे विद्यार्थी एकाच आवारात राहिले, एकत्र जेवले, एकत्र खेळले. आज यात काय विशेष, असं वाटेल. पण तेव्हा यावरून मोठा गदारोळ उठला. विशेषतः आफ्रिकान्सभाषक गोऱ्या मंडळींना हे अजिबात पचलं नाही. परिषदेत वर्णाच्या प्रश्नावर गंभीर चर्चा झाली होती, भाषणं झाली होती. त्यांची तक्रार त्या भाषणांबद्दल फारशी नव्हती. तक्रार होती ती जेवणाबद्दल.

मराठी माणसाला हे समजावून सांगायची गरज नाही. भाषणात समता चालते, अडचण पंगतीत येते, हे आपल्याला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे. ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना आठवेल, टिळकांचं धर्मांतर झाल्यावरही लक्ष्मीबाईंचं सोवळं किती हळूहळू, किती कष्टानं सुटलं.

यर्गनचं पुढे काय झालं? १९३६ मध्ये त्यानं राजीनामा दिला. प्रार्थना आणि सदिच्छा यांनी इथलं काही हलणार नाही, अशी त्याची खात्री झाली होती. तो डावीकडे वळला. फोर्ट हेअरमध्ये त्यानं ज्या तरुणांना मार्क्सवादाची ओळख करून दिली, त्यातला एक होता गोवन म्बेकी, पुढे मंडेलांबरोबर रॉबेन बेटावर कैदेत राहिलेला. अमेरिकेत परतल्यावर यर्गननं पॉल रोबसनबरोबर आफ्रिकेच्या स्वातंत्र्यासाठी संघटना चालवली. आणि मग शीतयुद्धात हाच माणूस पार दुसऱ्या टोकाला गेला. कट्टर कम्युनिस्टविरोधी झाला, आणि साठच्या दशकात तर दक्षिण आफ्रिकेच्या वर्णभेदी सरकारची बाजू घेताना दिसतो. एका आयुष्यात माणूस किती घरं बदलू शकतो, याचं याहून मोठं उदाहरण मला माहीत नाही. असो. त्याच्यावर एक वेगळा भाग करावा लागेल.

त्याच काळात आपल्याकडे

इथे एक छोटंसं वळण घेतो. १९३५ च्या ऑक्टोबरमध्ये कोलंबोच्या बंदरात चार अमेरिकन पाहुणे उतरले. हॉवर्ड थर्मन, त्यांच्या पत्नी स्यू बेली थर्मन, आणि एडवर्ड व फेनोला कॅरल हे जोडपं. चौघेही काळे. भारत, ब्रह्मदेश आणि सिलोनमधल्या ख्रिस्ती विद्यार्थी चळवळीचे पाहुणे म्हणून पुढचे काही महिने ते इथल्या कॉलेजांमधून बोलत फिरले.

सुरुवातीलाच कोलंबोत एका वकिलानं थर्मनना गाठलं आणि विचारलं, की ज्या धर्माच्या लोकांनी तुमच्या पूर्वजांना गुलाम केलं, त्याच धर्माचे प्रतिनिधी म्हणून तुम्ही इथे कसे आलात? थर्मन या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजत राहिले. १९४९ साली आलेलं त्यांचं ‘जीझस अँड द डिसइनहेरिटेड’ हे पुस्तक म्हणजे बऱ्याच अंशी त्या प्रश्नाचं उत्तर आहे. फेब्रुवारी १९३६ मध्ये बारडोलीला ते गांधीजींना भेटले, तेव्हा अहिंसेबरोबरच अस्पृश्यतेवरही बोलणं झालं.

आता तारखा जुळवून पाहा. थर्मन कोलंबोला उतरले त्याच महिन्यात, १३ ऑक्टोबर १९३५ ला, आपल्या नाशिक जिल्ह्यात येवल्याला डॉ. आंबेडकरांनी जाहीर केलं होतं, की मी हिंदू म्हणून मरणार नाही. ज्या घरात आपल्याला उंबऱ्यावर बसवतात, त्या घरात थांबायचं की बाहेर पडायचं? हा एकच प्रश्न दोन ठिकाणी, दोन वेगळ्या तऱ्हांनी विचारला जात होता. तेहतीस वर्षांनी स्टटरहाइमला तो पुन्हा विचारला गेला.

कप्पे भिंती होतात

१९४८ मध्ये नॅशनल पार्टी सत्तेवर आली आणि वर्णभेद हे सरकारचं अधिकृत धोरण झालं. १९५९ च्या कायद्यानं विद्यापीठंही वाटून टाकली. फोर्ट हेअर खोसा भाषकांसाठी, टर्फलूप उत्तरेकडच्या जमातींसाठी, एन्गोये झुलूंसाठी, बेलव्हिल कलर्ड म्हणजे मिश्रवर्णीयांसाठी, आणि डरबनजवळच्या सॅलिसबरी बेटावर भारतीयांसाठी एक कॉलेज.

१९६० मध्ये शार्पव्हिलला पोलिसांनी पासविरोधी निदर्शकांवर गोळीबार केला, ६९ माणसं मेली. आता चर्चना आणि ख्रिस्ती संघटनांना काहीतरी एक बाजू घेणं भाग होतं. एससीएनं घेतली, पण कोणती? जागतिक महासंघाचा वर्णभेदाविरुद्धचा सूर तिला मानवेना, तेव्हा ती महासंघातून बाहेर पडली. आणि १९६५ मध्ये तिनं स्वतःचे वर्णवार तुकडे केले. आफ्रिकान्सभाषक गोऱ्यांची संघटना वेगळी, इंग्रजीभाषक गोऱ्यांची वेगळी, काळ्यांची वेगळी. जवळजवळ सत्तर वर्षांचे कप्पे होते, त्यांच्या आता भिंती झाल्या.

हे ज्यांना मान्य नव्हतं त्यांनी नवी चूल मांडली. मेथडिस्ट, अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल आणि कॅथलिक अशा चर्चच्या पाठिंब्यानं यूसीएम उभी राहिली. पहिली परिषद १९६७ च्या जुलैमध्ये ग्रॅहम्सटाउनला झाली. अध्यक्ष बेसिल मूर, मेथडिस्ट. सरचिटणीस कॉलिन कॉलिन्स, कॅथलिक धर्मगुरू. दोघेही गोरे, दोघेही मनापासून वर्णभेदाविरुद्ध. इथे विभाग नाहीत, कप्पे नाहीत. सगळे एकत्र.

स्टीव्ह बीको नावाचा मुलगा

त्याच महिन्यात, त्याच ग्रॅहम्सटाउनमध्ये आणखी एक परिषद झाली. ती न्यूसासची, म्हणजे दक्षिण आफ्रिकन विद्यार्थ्यांच्या राष्ट्रीय संघाची. हीसुद्धा उदारमतवादी, सगळ्यांना खुली. पण यजमान विद्यापीठानं सांगितलं, की काळ्या प्रतिनिधींना आवारात राहता येणार नाही. मग त्यांची सोय लांब, काळ्यांच्या वस्तीतल्या एका चर्चमध्ये केली गेली.

तेव्हा वीस वर्षांचा एक मुलगा उठला. डरबनला नाताळ विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयात, ‘गोरेतर’ विभागात शिकणारा. स्टीव्ह बीको. त्यानं मांडलं, की असं असेल तर परिषद तहकूब करा. रात्रभर वाद झाला. सगळ्यांनी निषेध केला, सगळ्यांना वाईट वाटलं. आणि मतदानात बीकोचा ठराव पडला. परिषद ठरल्याप्रमाणे पुढे चालू राहिली.

दुष्ट माणसांच्या विरोधात बोलणं सोपं असतं. इथे दुष्ट कुणीच नव्हतं. सगळे सज्जन, सगळे बीकोचे मित्र. पण अडचण आली तेव्हा गैरसोय कुणी सोसायची, हे आपोआप ठरलं.

पुढच्या वर्षी बीको स्टटरहाइमला आला. तो फार धार्मिक होता म्हणून नव्हे. काळ्यांच्या कॉलेजांमध्ये न्यूसासला बंदी होती, पण यूसीएम ख्रिस्ती संघटना असल्यामुळे तिथे तिचं काम सुरू झालं होतं. त्यामुळे देशभरातले काळे विद्यार्थी एका ठिकाणी भेटण्याची ती जवळजवळ एकमेव जागा होती. इथे काळ्या प्रतिनिधींची संख्या गोऱ्यांपेक्षा जास्त होती. तरीही चर्चेचा सूर कोण लावत होतं? इंग्रजी कुणाची होती? आभार कुणाचे मानले जात होते?

मग बहात्तर तासांचा तो पेच आला. त्या परिषदेत काळे विद्यार्थी स्वतंत्रपणे बसले. बीको होता, फोर्ट हेअरचा बार्नी पिट्याना होता. आणि त्या बैठकीत ठरलं, की आपली स्वतःची संघटना हवी. १९६८ च्या डिसेंबरमध्ये मॅरियनहिलला पुढची बोलणी झाली, आणि जुलै १९६९ मध्ये टर्फलूपला साउथ आफ्रिकन स्टुडंट्स ऑर्गनायझेशन, म्हणजे सासो, अधिकृतपणे सुरू झाली. पहिला अध्यक्ष बीको, पुढच्या वर्षी पिट्याना, जो नंतर धर्मगुरू झाला.

यातली एक गोष्ट आपल्या दृष्टीनं फार महत्त्वाची. सासोनं ‘काळे’ या शब्दाची व्याख्याच बदलली. कायद्यानं आणि रूढीनं ज्यांना खाली दाबलंय, ते सगळे काळे. म्हणजे आफ्रिकन, मिश्रवर्णीय आणि भारतीयसुद्धा. १८६० पासून ऊसमळ्यांवर राबायला नेलेल्या गिरमिटियांची नातवंडं-पतवंडं यात होती. स्ट्रिनी मूडली, सॅथ्स कूपर ही नावं सासोच्या पुढच्या खटल्यात दिसतात. दोघांनीही रॉबेन बेटावर तुरुंगवास भोगला. सरकारनं भारतीयांना मुद्दाम वेगळा कप्पा दिला होता, काळ्यांपेक्षा थोडा बरा. या मुलांनी तो कप्पा नाकारला.

मग एकत्र येणं फुकट गेलं का?

हा प्रश्न मला बराच काळ छळत होता, आणि त्याचं कारण वैयक्तिक आहे.

मी कॉलेजात असताना आम्ही एक वाचन मंडळ चालवायचो. दर शनिवारी संध्याकाळी. सगळ्यांना खुलं होतं, याचा आम्हाला कोण अभिमान! मागासवर्गीय वसतिगृहातला एक मित्र नियमित यायचा. उत्तम बोलायचा. तिसऱ्या वर्षी त्यानं यायचं थांबवलं आणि वसतिगृहातच आठ-दहा जणांचं वेगळं मंडळ काढलं. मला फार लागलं ते. मी त्याला म्हणालो, “अरे, आपण तर सगळ्यांना सामावून घेत होतो.” तो शांतपणे म्हणाला, “हो ना. तुम्ही सामावून घेत होता. पुस्तकं तुम्ही ठरवायचा, खोली तुमची, वेळ तुमची. शनिवारी संध्याकाळी आमची मेस साडेसातला बंद होते, हे तीन वर्षांत कुणी विचारलं?”

तीन वर्षं तो आमच्या चर्चेसाठी जेवण सोडत होता.

तेव्हा मला ते पटलं नाही. मी मनात त्याला फुटीर ठरवून मोकळा झालो. न्यूसासच्या आणि यूसीएमच्या अनेक गोऱ्या मुलांनाही तेव्हा हेच वाटलं होतं. सरकार वर्णावर विभागणी करतंय, आणि आता तुम्हीही तेच करताय? हा आक्षेप अगदीच पोकळ नव्हता. कारण सुरुवातीला सरकारलाही सासोचा फारसा त्रास वाटला नाही. काळे स्वतःहून वेगळे बसतायत म्हणजे आपलंच धोरण त्यांना पटलं, अशी सत्ताधाऱ्यांची समजूत होती. ती चुकीची ठरायला वेळ लागला नाही.

एससीएनं १९६५ मध्ये केलेलं वेगळं होणं आणि सासोनं १९६९ मध्ये केलेलं वेगळं होणं, दोन्ही वरवर सारखंच दिसतं. पण पहिल्यात ज्याच्या हातात दार होतं त्यानं ते लावून घेतलं. दुसऱ्यात आत पाहुणा म्हणून बसलेल्यानं उठून स्वतःचं घर बांधलं. ते घर कायमचं वेगळं राहावं म्हणून नाही, तर पुढे बोलणी करायची वेळ आली तर बरोबरीनं करता यावीत म्हणून.

आणि यूसीएम? मला तिच्याबद्दल फार आदर वाटतो, तो तिच्या शेवटामुळे. काळे विद्यार्थी वेगळे बसले म्हणून ती रुसून बसली नाही. तिनं उलट ‘ब्लॅक थिऑलॉजी’चा, म्हणजे काळ्यांच्या अनुभवातून ख्रिस्ताकडे पाहणाऱ्या धर्मचिंतनाचा प्रकल्प हाती घेतला. अमेरिकेत जेम्स कोन यांनी १९६९ मध्ये मांडलेले विचार इथे पोहोचले. त्या प्रकल्पाचा प्रमुख होता स्टॅनली न्त्वासा हा काळा तरुण. त्यातून झालेल्या निबंधांच्या पुस्तकावर सरकारनं बंदी घातली. न्त्वासावर आणि बेसिल मूरवरही बंदी-हुकूम आले, म्हणजे बोलायचं नाही, लिहायचं नाही, चारचौघांत बसायचं नाही. चर्चनीही एव्हाना हात आखडता घेतला होता. १९७२ मध्ये यूसीएमनं स्वतःचं विसर्जन केलं. दबाव होताच, पण आपल्यासारख्या मिश्र संघटनेचं काम आता संपलंय, हा विचारही त्यात होता. संघटना सहसा मरत नाहीत, त्या नुसत्या फलकावर उरतात. हिला स्वतःहून थांबता आलं.

बीकोला १९७३ मध्ये त्याच्या गावी, किंग विल्यम्स टाउनला, बंदी-हुकुमाखाली जखडून ठेवलं गेलं. ऑगस्ट १९७७ मध्ये त्याला अटक झाली. १२ सप्टेंबर १९७७ ला पोलिसांच्या ताब्यात, डोक्याला झालेल्या जखमांमुळे तो गेला. वय तीस. पुढच्याच महिन्यात, १९ ऑक्टोबरला, सासोसह या विचाराच्या सगळ्या संघटनांवर बंदी आली.

या भागाची तयारी करत असताना मी त्या जुन्या मित्राला फोन केला. पंचवीसेक वर्षांनी. स्टटरहाइमची गोष्ट सांगितली, हद्दीपर्यंतचं चालणं सांगितलं, आणि मग धीर करून आमच्या वाचन मंडळाचा विषय काढला. म्हटलं, तेव्हा मी चुकलो होतो रे. तुझ्यावर फार राग धरला होता.

तो हसायला लागला. म्हणाला, “तुला राग आला होता, हे मला माहीतच नव्हतं. आम्ही आमच्या मंडळात इतके गुंतलो होतो, की तुमचा विषयच निघाला नाही कधी.”

पाच मिनिटं मला काही सुचेना. इतकी वर्षं त्या गोष्टीचा नायक मीच आहे, असं धरून चाललो होतो मी. मग त्यानंच विचारलं, त्या स्टटरहाइमच्या मुलांचं पुढे काय झालं, ते सांग. म्हणून हा भाग.

तुमच्या कॉलेजात, वसतिगृहात, मंडळात असं काही घडलं असेल, तर जरूर लिहून कळवा. विशेषतः दाराच्या दुसऱ्या बाजूला जे होते, त्यांनी. पुढच्या भागात भेटू. तोवर, नमस्कार.